चांदोलीतलं पिण्याचं पाणी सप्टेंबरातच भरून ठेवा

जंगलातल्या संरक्षण कुटीला, म्हणजे गस्तीवरचे वनकर्मचारी राहतात त्या ठिकाणी, पाण्याची सोय करायची म्हटली की अंदाजपत्रकात तीन गोष्टी ठरलेल्या असतात. पाच हजार लिटरची काळी टाकी, ती ठेवायला अँगलचा उंच स्टँड आणि वरच्या अंगाच्या झऱ्यापासून ओढलेला पाइप. काम झटपट उरकतं, टाकीसमोर फोटो निघतो, बिल जातं. मार्च उजाडला की झरा मंदावतो, पाइपात हवा धरते, टाकी तळाला जाते आणि कुटीतले वनमजूर कॅन खांद्यावर घेऊन पुन्हा त्याच झऱ्यावर उभे राहतात. तेव्हा तिथे फक्त तेच येत नसतात. गवे आणि सांबरंही त्याच पाण्यावर टपलेली असतात. मग पुढच्या वर्षी मागणी जाते, ‘टाकी अपुरी पडते, दहा हजारांची द्या.’

टाकी मोठी केल्याने यातलं काहीही सुटत नाही. चुकतंय ते पाणी भरण्याचं ठिकाण आणि भरण्याचा महिना. चांदोली राष्ट्रीय उद्यानात, खरं तर अख्ख्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, माणसांचं पिण्याचं पाणी पावसाळा सरता सरता छपरावरून धरून, झाकून, कुलूप लावून ठेवलं पाहिजे. आणि फेब्रुवारीच्या मध्यानंतर झऱ्याच्या पाण्याला माणसाने हात लावू नये.

शिराळा, पाटण, शाहूवाडी आणि संगमेश्वर या चार तालुक्यांत पसरलेलं हे ३१७.६७ चौरस किलोमीटरचं उद्यान २००४ साली जाहीर झालं. २०१० साली कोयना अभयारण्यासह त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. उद्यानाच्या पोटातच वसंतसागर हा धरणाचा जलाशय आहे, ३४.४० टीएमसीचा. त्यामुळे शिराळ्यात किंवा पाटणात बसून बोलणाऱ्या कुणालाही वाटतं की एवढं धरण उशाला असताना तहान कसली? पण धरण दरीत आहे आणि कुट्या धारेवर, म्हणजे डोंगराच्या कण्यावर, सड्याच्या (माथ्यावरच्या खडकाळ पठाराच्या) कडेला. पाणी वर चढवायचं तर पंप, वीज किंवा सौर पॅनेल, शेकडो मीटर उंचीचा दाब सोसणारा पाइप आणि त्या सगळ्याची देखभाल करणारा माणूस लागतो. शिवाय एप्रिल-मेमध्ये जलाशय मागे सरकतो आणि काठावर चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. पंपाचं तोंड त्या पाण्यामागे रोज कोण सरकवणार?

वरचा सडा म्हणजे जांभ्याची टोपी. जांभा सच्छिद्र, त्याच्याखाली चिकण मातीचा थर आणि मग काळा पाषाण. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपतं, चिकण मातीवर अडतं आणि सड्याच्या कडेने झरे होऊन बाहेर पडतं. पाथरपुंजसारखी जागा पावसाच्या आकड्यांत देशात वरच्या रांगेत असते, पण हा साठा उथळ आहे आणि उताराने पटकन निथळून जातो. एका सड्याचे झरे बहुधा एकाच साठ्यावर जगतात. म्हणून ‘झरा आटतो तर बोअर मारा’ हा उपाय मला पटत नाही. सड्यावर उथळ बोअर घेतली तर ती झऱ्याचंच पाणी आधी ओढून घेते. खोल, पाषाणात घेतली तर पाणी लागेल याची खात्री नाही आणि बोअरची गाडी तिथवर न्यायला रस्ता रुंद करावा लागतो. राष्ट्रीय उद्यानात रस्ता रुंद करणं हे पाण्यापेक्षा मोठं दुखणं.

आता हिशेब. एका कुटीत सहा माणसं धरू. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज १० लिटर, म्हणजे रोज ६० लिटर. १५ फेब्रुवारी ते १५ जून हे साधारण १२० दिवस, म्हणजे ७,२०० लिटर. गळती, पाहुणे आणि लांबलेला पाऊस यांसाठी पाव भाग वर धरला तर ९,०००. दहा हजारांची एक टाकी पुरते. आंघोळ, भांडी आणि संडास यांना माणशी आणखी ३५ लिटर धरले तर त्याच चार महिन्यांना २५,२०० लिटर लागतात. हे पाणी वेगळं ठेवायचं. ते डिसेंबर-जानेवारीत, झरा ओसंडून वाहून जात असताना भरून घ्यायचं. मिनिटाला पाच लिटर देणारा झरा दिवसाला ७,२०० लिटर देतो, म्हणजे चार दिवसांत काम झालं. आजवर बसवलेल्या काळ्या टाक्या या वापराच्या पाण्याला लावाव्यात. पिण्याची टाकी मात्र स्वतंत्र हवी आणि तिला झऱ्याचा पाइप जोडलेलाच नसावा, कारण जोडलेला असला की कुणीतरी एप्रिलमध्ये कॉक उघडतोच.

पिण्याच्या टाकीत पाणी येणार छपरावरून. ६० चौरस मीटर पत्र्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातलं ८० टक्के हाती लागलं तर ४,८०० लिटर मिळतात. म्हणजे दहा हजारांची टाकी भरायला दोनशे-सव्वादोनशे मिलिमीटर पाऊस पुरे. पश्चिमेच्या धारेवर सप्टेंबरात एवढा पाऊस होतोच. पूर्वेला, वारणावती-मणदूरच्या बाजूला पाऊस झपाट्याने कमी होतो, तिथे ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून भरायला घ्यावं. महिना एवढ्या आग्रहाने सांगण्याचं कारण असं, की जून ते ऑगस्टच्या पावसाने छप्पर धुऊन निघालेलं असतं. चुलीचा धूर, वाळका पाला, पक्ष्यांची विष्ठा, वानरांची घाण हे सगळं वळवाच्या आणि मृगाच्या पाण्याबरोबर आधीच वाहून गेलेलं असतं. वर्षातलं सगळ्यात स्वच्छ पाणी छपरावरून पडतं ते तेव्हा.

टाकी धुण्याचा महिनाही बदलायला हवा. टाक्या धुवायच्या त्या मे महिन्यात, असा शिरस्ता आहे. मे महिन्यात धुवायला पाणीच नसतं, म्हणून दोन बादल्या ओतून वहीत नोंद होते. ऑगस्टअखेर (वारणावती-मणदूरकडे त्याआधीच, भरायला घेण्यापूर्वी) टाकी रिकामी करा, बाहेर धो धो पाऊस असतो. ब्रशने घासा, साबण वापरू नका, गाळ तळाच्या वॉशआउटमधून काढा, दोनदा खळखळून धुवा. मग भरलेल्या टाकीत दर हजार लिटरला १५० ग्रॅम ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून रात्रभर ठेवा. हे पाणी ओढ्यात सोडायचं नाही. सड्यावरच्या डबक्यांत कोयनेचा टोड अंडी घालतो, तो जगात फक्त याच भागात सापडतो. क्लोरीनचं पाणी झाकण उघडं ठेवून चार-पाच दिवस उडू द्यावं आणि ओढ्यापासून लांब, मातीच्या खड्ड्यात जिरवावं. टाकीत उतरायच्या आधी झाकण काही तास उघडं हवं आणि बाहेर दुसरा माणूस उभा हवा. बंद टाकीत टीसीएलच्या वासात एकटा उतरलेला माणूस भोवळ येऊन पडला, तर त्या रानात त्याला वर काढायला कोण येणार?

आता पन्हळ. इथे सगळ्यात जास्त हलगर्जी होते, कारण पन्हळीचं उद्घाटन होत नाही. ६० चौरस मीटर छपरावर तासाला १०० मिलिमीटरची सर आली तर मिनिटाला १०० लिटर पाणी उतरतं. चार इंची अर्धगोल पन्हळ तेवढं झेलत नाही. सहा इंची हवी, मीटरला एक सेंटिमीटर उतार हवा आणि दर दोन फुटांवर कंस हवा. नाहीतर पहिल्याच झडीत मधला भाग पाण्याच्या वजनाने खाली येतो. नालीदार पत्र्यावरून जोराच्या सरीत पाणी पन्हळीवरून उडी मारून पुढे पडतं, म्हणून बाहेरची कड दोन-तीन इंच उंच ठेवावी. खाली येणारा पाइप ११० मिलिमीटरचा, आणि टाकीचा ओव्हरफ्लोही तेवढाच. आत येणारा पाइप चार इंची आणि ओव्हरफ्लो एक इंची ठेवला की पाणी झाकणातून उसळतं आणि पाणी थांबल्यावर त्याच फटीतून पाली आणि उंदीर आत जातात.

छप्पर धुतलेलं असलं तरी पहिलं पाणी काढून टाकायची सोय ठेवावीच, कारण दोन आठवडे उघडीप पडली की पाला पुन्हा साचतो. १६० मिलिमीटरचा दोन मीटर उभा पाइप, खाली बूच आणि बुचाला बारीक भोक. त्यात जवळजवळ ४० लिटर पाणी मावतं, तो भरला की पुढचं पाणी टाकीकडे वळतं, आणि भोकातून तो हळूहळू आपोआप रिकामा होतो. त्या भोकात पाला अडकतो. दर आठवड्याला बूच काढून पाहिलं नाही तर ही सोय असून नसल्यासारखी. छपरावर लवलेली फांदी तोडून टाका असं गावात सहज सांगता येतं; उद्यानात ते बसत नाही. म्हणून फांदीखालची बाजू सोडून छपराच्या मोकळ्या बाजूलाच पन्हळ लावावी, अर्धं छप्परही पुरतं. डांबराची ठिगळं असलेलं छप्पर मात्र पिण्याच्या पाण्याला वापरू नये.

टाकी कशाची? दहा हजारांची एकसंध प्लास्टिक टाकी जंगलातल्या पायवाटेवरून नेता येत नाही. दोन हजारांच्या पाच टाक्या पिकअपमधून जातात, पण मग प्रत्येक टाकीला स्वतंत्र कॉक हवा. पाचही टाक्या उघड्या जोडल्या आणि एकीचा सांधा सुटला तर रात्रीत पाचही रिकाम्या. जिथे गाडी जात नाही तिथे फेरोसिमेंट, म्हणजे लोखंडी जाळीवर सिमेंटचा पातळ थर दिलेली टाकी. आतला व्यास अडीच मीटर आणि उंची २.१ मीटर धरली की दहा हजार लिटर बसतात. भिंत साडेचार सेंटिमीटर जाड, वेल्डमेशच्या दोन्ही अंगांना कोंबडी जाळी, सिमेंट-वाळूचा एकास अडीच माल, पाणी अगदी बेताचं. तळ आणि झाकण धरून सिमेंटची अठरा-वीस पोती लागतात, ती डोक्यावरून नेता येतात. काम बिघडतं ते गिलाव्यात नव्हे, क्युरिंगमध्ये. चौदा दिवस गोणपाट ओलं राहिलं नाही तर केसासारख्या भेगा पडतात, मऊ पाणी त्यांतून चुना धुऊन नेतं आणि पाचव्या वर्षी जाळी गंजते. इथलं पावसाचं आणि जांभ्याचं पाणी मऊ, किंचित आम्लधर्मी असतं. ते सिमेंटला आणि जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपाला खातं, त्यामुळे ‘लोखंडी पाइप म्हणजे टिकाऊ’ हा समज इथे उलटा पडतो. फेरोसिमेंटची टाकी मे महिन्यात पूर्ण कोरडी पडू देऊ नये, वीतभर पाणी तळाशी राखावं.

जमिनीखालचा हौद मात्र नकोच. या पावसात जमीन तुडुंब भरते. बाहेरचं पाणी हौदात शिरतं, आणि हौद रिकामा असेल तर खालून उचलला जातो. उंच स्टँडही नको. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप या परिसराला विसरता आलेला नाही, बारीक हादरे आजही बसतात, आणि भूकंप-नकाशावर हा पट्टा चौथ्या झोनमध्ये आहे. तीन मीटर उंचीच्या अँगलवर ठेवलेली भरल्यावर पाच टन वजनाची टाकी हादऱ्यात डोलते आणि निप्पल (टाकी-पाइपाचा जोडतुकडा) तुटतं. गवा खांबाला अंग घासतो ते वेगळंच. दीड-दोन फुटांचा दगडी कट्टा पुरे. तोटीखाली बादली बसली की काम झालं. टाकी आणि पाइप यांच्यामध्ये हातभर लवचीक नळी टाकावी. झाकणाला क्लॅम्प आणि कुलूप असावं, कारण वानरं सैल झाकण ढकलून काढतात. ओव्हरफ्लोच्या टोकाला मिलिमीटरभर छिद्रांची स्टीलची जाळी, ती काढून धुता येईल अशी. तोटी तळापासून चार बोटं वर, म्हणजे गाळ तोटीत येत नाही.

वापराच्या पाण्याचा पाइप झऱ्यापासून आणायचाच आहे, तर तो उघड्यावर टाकू नये. फेब्रुवारीपासून वणवा लागतो आणि काळा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप वितळून जातो. उरलेला साळिंदर कुरतडतं. माती असेल तिथे दोन फूट खोल पुरावा. सड्यावर खणता येत नाही, तिथे जीआयच्या जाड नळीत घालून वर दगड रचावेत. आत एचडीपीई, बाहेर लोखंड. त्यामुळे पाणी लोखंडाला लागत नाही आणि आग प्लास्टिकला लागत नाही.

साठवलेलं पाणी आठ महिने शिळं होतं, त्यात किडे पडतात, असा आक्षेप घेतला जातो. उजेड आणि डास आत गेले तर नक्कीच बिघडतं. काळोखात, जाळीबंद, गाळ नसलेलं पावसाचं पाणी बिघडायला कारण नाही. क्लोरीन मात्र मोठ्या टाकीत टाकून उपयोग नाही, ते काही दिवसांत उडून जातं. पिण्यासाठी २०० लिटरचा खाद्य दर्जाचा तोटी असलेला ड्रम वेगळा ठेवावा. तो तीन दिवस पुरतो. क्लोरीन टाकायचं ते या ड्रममध्ये. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल या हिशेबाने ड्रमला एक ग्रॅम लागतं, आणि जंगलात एक ग्रॅम कोण तोलणार? लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम पावडर कालवा, गाळ बसू द्या, वरचं नितळ १०० मिलिलिटर ड्रममध्ये टाका आणि अर्ध्या तासाने पाणी प्या. हे द्रावण दोन-चार दिवसांपलीकडे ठेवू नये. टीसीएलचं उघडं पोतं पावसाळ्यात सादळतं. ३३ टक्के क्लोरीनची पावडर २० टक्क्यांखाली गेली की ती टाकल्याचं समाधान तेवढं उरतं. म्हणूनच दूरच्या कुट्यांना पोत्यांऐवजी पट्टीबंद क्लोरीनच्या गोळ्याच द्याव्यात, त्या टिकतात आणि पाकिटावर मात्रा छापलेली असते. ओटी टेस्टमध्ये (पाण्यातलं क्लोरीन रंगावरून तपासण्याच्या चाचणीत) लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅमचा पिवळेपणा दिसला पाहिजे, आणि तो लगेच पाहायचा. पाच मिनिटांनी चढलेला रंग मोकळ्या क्लोरीनचा नसतो.

वर्षातून दोनदा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत जावा. क्लोरीन टाकलेल्या पाण्यासाठी थायोसल्फेट (क्लोरीन मारणारं रसायन) घातलेली बाटली, बर्फाचा डबा आणि २४ तासांच्या आत पोच. तेवढं जमत नसेल तिथे एचटूएसची बाटली (दूषित पाण्याने काळी पडणारी तपासणीची बाटली) वापरा. दोन दिवसांत काळी पडली तर पाणी उकळा आणि टाकी तपासा. आरओ यंत्राची मागणी अधूनमधून होते, तिचा इथे संबंधच नाही. आरओ क्षार काढतं; या पाण्यात क्षार जवळजवळ नाहीतच. वर ते पाण्याचा मोठा हिस्सा फेकून देतं आणि वीज मागतं.

प्रवेशद्वारांचा आणि पर्यटकांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे रस्ता आहे, जवळ गाव आहे. ग्रामपंचायतीच्या नळयोजनेतून पाणी घ्यावं, त्याचे पैसे द्यावेत, आणि बाटली भरून घ्यायची तोटी लावून आत प्लास्टिकच्या बाटल्या बंद कराव्यात.

राहिला कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३५(६) नुसार राष्ट्रीय उद्यानातलं पाणी वळवायचं, अडवायचं किंवा वाढवायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो, आणि तोही वन्यजीवांच्या भल्यासाठी असेल तरच. गावकऱ्याने झऱ्याला पाट काढला तर हेच कलम त्याच्यापुढे ठेवलं जातं. मग खात्याच्या कुटीचा पाइप मे महिन्यात तोच झरा कोरडा करत असेल, तर त्याला वेगळं माप का? कुटी नसेल तर शिकाऱ्याला मोकळं रान मिळेल, हे खरंच आहे. ताडोबाच्या वाघिणी इथे आणून सोडल्या जात असताना गस्त वाढणार, कुट्याही वाढणार. म्हणूनच ही शिस्त आत्ता लावायला हवी, कुट्या दुप्पट झाल्यावर नव्हे. प्रत्येक वापरातल्या झऱ्याला कॉकपेटी बसवावी, १५ फेब्रुवारीला वनपालाने तिला कुलूप लावून किल्ली परिक्षेत्र कार्यालयात जमा करावी. डिसेंबरपासून दर पंधरा दिवसांनी दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते वहीत लिहावं. एखाद्या वर्षी पाऊस लवकर गेला तर कुलूप जानेवारीतच लागेल, ते त्या वहीवरून ठरेल.

पैशाचं म्हणाल तर तो नव्या कामाला मिळतो, देखभालीला मिळत नाही. जाळी, बूच, कॉकचं वायसर, गोळ्यांची पट्टी या किरकोळ वस्तूंसाठी वर्षभर अडून बसावं लागतं. व्याघ्र प्रतिष्ठानात, म्हणजे प्रकल्पाच्या निधी-संस्थेत, जमा होणाऱ्या प्रवेश शुल्कातून प्रत्येक कुटीला पाण्यासाठी ठरावीक वार्षिक रक्कम वनरक्षकाच्या हाती द्यावी आणि त्या वहीवर तिचा हिशेब घ्यावा. बफरमधल्या, म्हणजे प्रकल्पाभोवतालच्या पट्ट्यातल्या, गावांत जन-वन विकास योजनेच्या समित्या आहेत. फेरोसिमेंटचं काम शिकलेली चार-पाच पोरं गावातच तयार झाली तर टाकी बांधायला आणि दुरुस्त करायला कराड किंवा ईश्वरपूरहून (पूर्वीच्या इस्लामपूरहून) ठेकेदार आणावा लागणार नाही.

आणि तारखा. निधी बहुतेकदा मार्चच्या तोंडावर येतो, ३१ तारखेच्या आत खर्ची पडायचा म्हणून टाकीचं बांधकाम मार्चमध्ये सुरू होतं, जेव्हा क्युरिंगला पाणी नसतं. जिल्हा नियोजन समितीने आणि खात्याने ही कामं जुलैत मंजूर करून नोव्हेंबरात सुरू केली, तर झरे वाहते असताना चौदा दिवसांचं क्युरिंग होतं. सुरुवातीच्या दोन भरण्यांचं चुनखट पाणी झाडांना घालता येतं, आणि १५ फेब्रुवारीच्या आत झऱ्याचं पाणी भरून टाकी त्याच उन्हाळ्यात कामाला येते. फक्त त्या एका वर्षापुरतं पिण्याचं पाणी झऱ्याचं असेल आणि ते उकळून प्यावं लागेल. पुढच्या सप्टेंबरापासून पन्हळीचं.